बंद दाराआडचं गाऱ्हाणं

माझा देवावर राग होता, हे आधीच सांगून टाकते. नवरा गेल्यावर मी गावी भावाच्या घरी राहत होते. आमच्या वाडीतली एक बाई मुंबईहून आली होती. मुलुंडला एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींचं करायला माणूस हवंय, घरच्यासारखी राहशील, असं ती म्हणाली. आमच्या कोकणात असले निर्णय देवाला विचारून घेतात. आम्ही रवळनाथाच्या देवळात कौल लावला. गुरवाने ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या, मी हात जोडून उभी राहिले आणि उजवी पाकळी पडली. उजवा कौल म्हणजे देवाचा होकार. झालं, मग घरात कुणी पुढचं काही विचारलंच नाही. भावाने त्या लोकांचा पत्तासुद्धा घेतला नाही. देवानेच हो म्हटल्यावर माणसांच्या चौकशा कशाला करायच्या?

घर सातव्या मजल्यावर होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला जायची आणि जाताना बाहेरून कुलूप लावायची. आजी बाहेर जातील म्हणून, असं सांगायची. आजींना कूसही बदलता येत नव्हती, तेव्हा हे कुलूप कुणासाठी ते कळायला मला फार अक्कल लागली नाही. माझा मोबाईल पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीला म्हणून गेला, तो परत आला नाही. पगाराचं विचारलं तर मालकीण हसायची, आणि गावी जाते म्हटलं तेव्हा तिने तापलेला तवा माझ्या मनगटाला टेकवला. वर तिनेच मलम लावून दिलं. त्या मलमाची मला तव्यापेक्षा जास्त भीती वाटली.

एकदा खिडकीतून ओरडले. समोरच्या गॅलरीतल्या बाईने ऐकलं आणि बहुतेक तक्रारही केली, कारण त्या संध्याकाळी मालकाने सगळ्या शेजाऱ्यांना गोड शब्दांत सांगितलं की गरीब आहे, डोक्याने अधू आहे, आम्ही सांभाळतोय. लोकांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीवर फळी ठोकली. त्यानंतर मी कितीही ओरडले तरी कुणी वर बघेना. वेडी ठरलेल्या बाईचं खरं बोलणंही वेडच ठरतं. मग मी ओरडणं सोडलं, पाठोपाठ देवाचं नावही सोडलं. उजवा कौल देऊन ज्याने मला इथे आणून टाकलं, त्यालाच परत काय सांगायचं?

त्या घरात माझ्याशी माणसासारख्या वागल्या त्या एकट्या आजी. त्यांची वाचा निम्मी गेली होती. मी भरवायला बसले की पहिला घास त्या चांगल्या हाताने माझ्याकडे ढकलायच्या. मी खाईपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. माझं पोट त्यामुळे भरलं, असं म्हटलं तरी चालेल.

एका दुपारी आजींचा श्वास बिघडला. छातीत घरघर लागली, डोळे वर जायला लागले. मी दार बडवलं, हाका मारल्या. बाहेरून कुणीतरी जाता जाता म्हणालं, "चालू झाली परत." पावलं निघून गेली. मी पळत बाथरूममध्ये गेले. तिथल्या लहान खिडकीमागे इमारतीच्या पाइपांची उभी पोकळी होती. इथे तिला डक्ट म्हणतात. त्या अंधारात तोंड घालून मला काय ओरडावं तेच सुचेना. मदत करा म्हणून झालं होतं. वाचवा म्हणून झालं होतं.

आणि माझ्या तोंडून गाऱ्हाणं निघालं. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतो तो गुरव, नाहीतर गावातला जाणता पुरुष. तो एकेक मागणं मोठ्याने मांडतो आणि जमलेली सगळी माणसं दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. बायका मागे उभ्या असतात. मी जन्मात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं, ऐकलं मात्र कळायला लागल्यापासून. पोटातून आवाज काढला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुझी लेकरा परमुलखात अडकान पडली हत. ह्या म्हातारेक सोडव रे म्हाराजा. माका सोडव."

क्षणभर नळाचं ठिबकणं ऐकू आलं. मग डक्टातून आवाज आला, जड आणि खोल, "व्हय म्हाराजा." आणि त्याला लागूनच दुसरा, जरा पातळ, "व्हय म्हाराजा." मी कडी धरून उभी राहिले आणि रडायला लागले.

"कोण गो तू? खयसून बोलतंस?" पातळ आवाजाने खालून विचारलं.

"सातव्या माळ्यार. भायरसून कुलूप आसा. म्हातारी जाता हा."

"थांब. येतंय."

तो प्लंबर होता, पाचव्या मजल्याच्या गळतीसाठी डक्टात उतरलेला. तो दाराशी आला, मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींनी मालकाला फोन लावला आणि मालकाने सांगितलं की वेडी आहे, उघडू नका, मी येतोय. मी दाराला कान लावून सगळं ऐकत होते. तो आधी पोचला असता तर मला पुन्हा कुणी पाहिलं नसतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सेक्रेटरी म्हणाले, "मालक नाही म्हणतो तर कुलूप कसं तोडायचं?"

"साहेब, वेडी नाय ती," प्लंबर म्हणाला. "आमच्या गावचा गुरव गाऱ्हाणं घालताना दोनदा अडखळतो. ही कुठे अडखळली नाय. तुम्ही बाजूला व्हा. पोलिसांना फोन करा, वाटल्यास माझ्या नावाने करा."

त्याने पान्याने कुलूप तोडलं. दार उघडलं आणि मला उंबरा ओलांडता येईना. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर उघडं होतं आणि मी आत वळले, त्यांना आजींकडे घेऊन गेले. मी चमच्याने आजींच्या तोंडात पाणी घातलं. ते आत गेलं की नाही, देव जाणे. त्यांनी चांगला हात नेहमीसारखा माझ्याकडे ढकलला आणि त्या गेल्या.

मालक आला तेव्हा पोलीस आले होते. तो मला म्हणाला, "काय कमी केलं होतं आम्ही तुला?" मी मनगट पुढे केलं. बोलले एवढंच की हे तव्याचं आहे, आणि मोबाईल त्यांच्या कपाटात असेल, बघा. मोबाईल निघाला. हे मी त्याच्या तोंडाकडे बघून बोलले. केस अजून चालू आहे. ती दोघं जामिनावर बाहेर आहेत आणि रस्त्यात त्यांच्यासारखी चाल दिसली तरी मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

पुढे मी त्या प्लंबरभाऊंना भेटायला गेले, घावणे करून नेले होते. आभार मानले, तर ते ओशाळले. म्हणाले, "ताई, पहिलं व्हय मी नाय म्हटलं. मला वाटलं तुमच्याच घरात कोण मोठं माणूस हाय. त्यांचं ऐकून माझ्या तोंडून आपोआप निघालं." डक्टात त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. आवाज घुमतो तिथे, असंही ते म्हणाले. असेल. घुमलेला आवाज मूळ आवाजाच्या आधी येतो का, हे मी कुणाला विचारलं नाही.

उजव्या कौलाचा अर्थ मी सुख असा लावला होता. देवाने फक्त जा म्हटलं होतं. आजींच्या शेवटच्या घोटासाठी त्याने मला पाठवलं असेल, तर तेही मला सहज गिळवत नाही. एकीच्या पाण्यासाठी दुसरीला कोंडायचं, हा कुठला न्याय? मी त्याच्याशी अजून भांडते. पण आता भिंतीशी भांडल्यासारखं वाटत नाही, आणि भांडून झालं की सगळं त्याच्या पायाशी ठेवून झोपते. झोप लागते, याचे त्याला आभार.

आता मी मुलुंडलाच एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. माझ्या खोलीला कडी आहे, ती आतून आहे. दुपारी भाजी आणायला जाते तेव्हा इमारतींच्या बंद खिडक्यांकडे बघत चालते. वर कुणी ओरडलं आणि बरोबरची म्हणाली, अगं वेडी असेल, तरी मी थांबते. आधी व्हय म्हणते, मग कोण आहे ते विचारते.