लाल उशी

पावणेपाचला त्याचा दिवस सुरू व्हायचा. बायकोने हाक मारायच्या आत तो उठून गुडघे चोळत बसलेला असे. सहाला गेटवर, आणि मग आठ तास हातट्रॉली. कच्चा माल गोदामातून यंत्रांकडे, तयार माल यंत्रांकडून गोदामात. अशी एकोणीस वर्षं झाली होती. कारखान्यात त्याला इंजिन म्हणत.

ट्रॉली हातांनी ओढतात असं बघणाऱ्याला वाटतं. ती मांड्यांनी ओढायची असते. सुटताना एक झटका, मग एकसारखी चाल. मध्येच थांबलं की झटका पुन्हा द्यावा लागतो. हे त्याने साडूला शिकवलं होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून साडूला कामाला चिकटवलंही त्यानेच.

आणि आता पाच वर्षं साडू फोर्कलिफ्टवर बसत होता, कंबरेला लाल उशी लावून. शेजारून जाताना ओरडायचा, "सांभाळून हो, साडूभाऊ!" इंजिनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी बायको तेल ओतायची. "बहीण सांगत होती, तिचे हे कामावरून आले की गप्पांना बसतात. तुम्ही आलात की भिंतीला पाय लावून पडता."

"त्याला बसायचा पगार मिळतो."

"मग तुम्हीही बसा की! परीक्षा द्यायला कोणी अडवलंय?"

फोर्कलिफ्टच्या परवान्याची परीक्षा लेखी होती. त्याने दोनदा नाव देऊन दोनदा मागे घेतलं होतं.

त्या महिन्यात दुसरी फोर्कलिफ्ट आली. तिच्यावर कोण बसणार हे फोरमनच्या हातात होतं. साडू एकदा तोंडघशी पडला, तर परीक्षेत काही अर्थ नाही, जुना माणूसच बरा, हे फोरमनला पटेल, असं इंजिनने मनाशी धरलं.

एके सकाळी त्याने माल रचला. लोखंडी नगांच्या पेट्या सगळ्या डावीकडे, रिकाम्या उजवीकडे. भोवती प्लॅस्टिकचे चार घट्ट वेढे. बाहेरून कोणी बोट ठेवू नये असं काम.

साडूने फोर्कलिफ्टचे काटे मालाखाली घातले, माल वीतभर उचलला, तोच तो डावीकडे कलला. त्याने झटकन खाली घेतला, तरी वरची पेटी घसरली आणि नग खणखणत फरशीभर पसरले. फोरमन धावत आला.

"कोणी रचलं हे?"

इंजिन खाली वाकून नग गोळा करू लागला. साडूने खाली उतरून प्लॅस्टिकवरून हात फिरवला.

"काटे तिरके गेले, साहेब. माझंच चुकलं."

साडूला आठवडाभर ट्रॉलीवर धाडलं. त्याच्या जागी दुसऱ्या पाळीचा चालक आला. इंजिनला कोणी विचारलंसुद्धा नाही.

निदान साडूची फजिती तरी बघू, असं त्याला वाटलं होतं. पण पाच वर्षं बसून काढलेला तो माणूस एक झटका देऊन एकसारखा चालू लागला. हुबेहूब इंजिनची चाल. तेही त्याला बघवेना.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या नळापाशी साडू म्हणाला, "गाठ ओळखली मी."

"कसली गाठ?"

"प्लॅस्टिकचं टोक सगळे नुसतं खोचतात. गाठ तुम्ही एकटेच मारता. खोडी काढायची तीही एवढी नीटनेटकी, साडूभाऊ?"

इंजिनने नळ बंद केला, पुन्हा उघडला. "मग नाव का नाही सांगितलंस?"

"सांगून घरी कुठल्या तोंडाने जाऊ? दोघी बहिणी मिळून मलाच सोलतील. ते सोडा. परीक्षेला नाव द्या. लिहायचं मी शिकवतो."

"तू मला शिकवणार?"

"ट्रॉली मला कोणी शिकवली?"

इंजिन जास्तच जळला. सीट याची, आता मोठेपणाही याचाच! पण सुट्टीच्या दिवशी वही घेऊन तो साडूच्या दारात उभा राहिला. पहिल्या खेपेला नापास झाला, दुसऱ्या खेपेला पास. फोरमनने नव्या फोर्कलिफ्टची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

एकोणीस वर्षांच्या ओढण्याच्या कमाईतून त्याने स्वतःसाठी म्हणून दोनच गोष्टींना पैसे मोजले. एक परवान्याची फी. दुसरी कंबरेला लावायची उशी. साडूच्या उशीसारखीच लाल, फक्त एक बोट जाड.