वाकडं मडगार्ड आणि भिवंडीचा शुक्रवार

भिवंडीला कुणी फिरायला जात नाही, हे मला ठाऊक आहे. मीही फिरायला गेलो नव्हतो. धाकटा भाऊ सुहास जाऊन सात महिने झाले होते आणि त्याची जुनी पद्मिनी गाडी नाशिकला आमच्या इमारतीखाली कव्हर घालून उभी होती. त्याला तिला रुंद टायर लावायचे होते. असे टायर मूळ मडगार्डात मावत नाहीत, चाकावरची कड बाहेर फुगवावी लागते. मागची दोन मडगार्डं त्याने एका गॅरेजातून करून घेतली. ती पाहून ‘एवढं तर मीही ठोकेन’ म्हणाला आणि पाच महिने दर रविवारी दुपारी बसून पुढचं डावं स्वतः ठोकलं. ते वाकडं झालं. उजवं राहून गेलं.

नाशकातल्या तीन गॅरेजांनी एकच सांगितलं, डावं कापू आणि दोन्ही नवी करू. मला डावं कापायचं नव्हतं. उजवं त्याच्यासारखंच हवं होतं, वाकडेपणासकट. चौथ्या गॅरेजवाल्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग भिवंडीच्या एका डेंटरचा, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्याचा, नंबर दिला.

मंगळवारी सकाळी सहाला निघालो. इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, पडघा, वडपे असा सरळ रस्ता आहे, साधारण एकशेचाळीस किलोमीटर. नव्या गाडीला तीन तास पुरतात. पद्मिनीला वडप्यापर्यंतच पाच लागले, कारण घाट उतरल्यावर ब्रेक गार होईपर्यंत थांबावं लागलं. पुढचे दोन रुंद टायर मागच्या सीटवर दोरीने बांधून बसवले होते. घाटाखाली एका टपरीवर वडापाव आणि चहा घेतला. टपरीवाला गाडीसमोर बराच वेळ उभा राहिला. डावी बाजू फुगलेली, उजवी सपाट. शेवटी म्हणाला, “साहेब, दाढ सुजलीय का हिची?” मी हो म्हणालो. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

वडप्याला गोदामांकडे वळणाऱ्या ट्रेलरची रांग लागते. नऊच्या आत पार करता आलं तर करा. मी अकराला पोचलो आणि पाऊण तास एका ट्रेलरच्या मागचा मजकूर पाठ केला.

डेंटर काशीदादा नारपोलीच्या एका गल्लीत काम करतात. दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, त्यामुळे गल्लीत कायम खटखट चालू. पहिला तासभर डोकं दुखतं, मग ऐकू येईनासं होतं. दादा साठीच्या पुढचे. वडप्याला त्यांची भातशेती होती, तिथे आता भाड्याने दिलेली गोदामं आहेत. पोटासाठी ठोकायची गरज उरलेली नाही, म्हणून मनात भरेल तीच गाडी घेतात. सोबत वीस वर्षांपासून वेल्डिंग करणारे रियाजभाई. दादांना टोमणे मारणं हे त्यांचं दुसरं काम.

मी सरकारी कचेरीत आरेखक आहे. डाव्या मडगार्डाचा मिलिमीटरचा आराखडा काढून, तो उजव्यासाठी उलटा करून नेला होता. दादांनी तो पाहिला, कौतुक केलं आणि चहाच्या किटलीखाली ठेवला. “कागद बराबर हाय,” म्हणाले. “पत्रा कागद वाचत न्हाय.”

मग त्यांनी शेजारच्या लूमवरून आणलेला कोऱ्या कापडाचा तुकडा तळहाताखाली धरला आणि डोळे मिटून डाव्या मडगार्डावरून फिरवला. नुसता हात पत्र्याला अडकतो, कापड सरकतं, आणि खाचखळगे बोटांना कळतात. इथले जुने डेंटर असंच पाहतात. फुगवटा दोन बोटं मागे सरकलाय, म्हणाले. इथे घाई केली. इथे बहुतेक चहा आला, कारण पुढचे ठोके नीट आहेत. जरा थांबून त्यांनी विचारलं, “ठोकणारा डावरा व्हता?”

सुहास डावखुरा होता. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. दादांना मी एवढंच सांगितलं की हे कापायचं नाही, उजवं असंच करायचं. ते ‘बरं’ म्हणाले.

मुक्काम कल्याण नाक्याजवळच्या लॉजवर, नऊशे रुपये. पंखा चालतो, खिडकी उघडू नका.

बुधवारी कामाला सुरुवात झाली. आधी जाड सळई वाकवून कडेची कमान करतात. पत्र्याची पट्टी वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने खोलगट करतात. मग खालून लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडीने गुळगुळीत करत आणतात. सकाळी सळई डाव्यासारखी वाकडी होती. दुपारपर्यंत पट्टीही वाकडी होती. संध्याकाळी दादांनी कापड फिरवलं, आणि फुगवटा चाकाच्या बरोबर मधोमध. सुंदर, आणि सुहासच्या मडगार्डाचा कुणी लागत नसलेला.

दादांनी पट्टी कोपऱ्यात टाकली. गुरुवारी दुसरी घेतली. या वेळी दर दहा ठोक्यांनी थांबून डाव्याकडे पाहत होते. तरी तेच. चुकीच्या जागी हातोडी पडली की पुढचे दोन ठोके ती चूक आपोआप पुसून टाकत. रियाजभाईंनी गॅसची नळी खाली ठेवली. “दादा, बीस साल में पहली बार ग्राहक बोल रहा है, खराब बनाओ. और आपसे वो भी नहीं हो रहा.”

दादा हसले नाहीत. हातोडी खाली ठेवून मला म्हणाले, गाडी घेऊन जा, नाहीतर डावं कापायला दे. हा हात वाकडं करत नाही. मी किटलीखालचा आराखडा काढून पुन्हा उघडला. मला दुसरं येतही नाही.

वातावरण हलकं करायला रियाजभाईंनी जुनी गोष्ट काढली. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात आणि दादा शुक्रवारी हातोडीला शिवत नाहीत. तीस वर्षं ते लूमच्या तालावर ठोकत आलेत, खटखट थांबली की हात भरकटतो. एकदा कुणाच्या तरी लग्नाची गाडी म्हणून शुक्रवारी बॉनेट ठोकलं, तर त्याचा पापड झाला.

“मग उद्या करू या,” मी म्हणालो.

तीन दिवसांत मी आपणहून बोललेलं ते बहुधा पहिलंच वाक्य होतं. दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दारू पिऊन गाडी चालवायला सांगतोय. मग उठून घरी गेले. येतील की नाही, ते सांगितलं नाही.

शुक्रवारी नारपोली ओळखू येत नव्हती. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. दादा नऊला आले, सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. आधी खाल्लं, बहुधा वेळ काढायला. रियाजभाई नमाजनंतर येणार होते, म्हणून पट्टीखाली ठोकळा मी धरला. दादांचे पहिले चार ठोके नीट पडले. पाचवा लवकर आला. सहावा येईचना. त्यांनी शिवी दिली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले. ठोकळ्यातून प्रत्येक ठोका माझ्या मनगटात येत होता. रविवारी दुपारी वर घरात झोपून जे ऐकायचो, ते असंच अडखळत यायचं. मी ठोकळा घट्ट धरून ठेवला.

दुपारी दादांनी कापड फिरवलं, आधी डाव्यावर, मग नव्यावर. पुन्हा डाव्यावर. “वाकडा हाय,” म्हणाले. “बराबर वाकडा.”

रियाजभाई आले, टोपी खिशात घालून वाकून पाहिलं आणि म्हणाले की हा दादांचा हात नव्हेच. दादांनी तो अपमान निमूट सोसला. संध्याकाळपर्यंत वेल्डिंग झालं. शनिवारी सकाळी दोन्ही मडगार्डांवर एकच राखाडी प्रायमर मारला, टायर चढवले. एकूण चौदा हजार, टाकून दिलेल्या पट्ट्यांचे पैसे घेतले नाहीत. निघताना दादांनी एक अट घातली, हे काम कुणी केलं ते सांगायचं नाही. तेव्हा काशीदादा हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुणाला हवंच असेल तर नारपोलीत विचारा, पण शुक्रवारी जाऊ नका.

घाट चढताना रुंद टायरांमुळे स्टिअरिंग जड झालं. दंड अजून दुखतात. गाडी परत इमारतीखाली उभी आहे, मडगार्ड माझ्या रोजच्या वाटेवरच असतं. पहिले काही दिवस मी जिना उतरताना दुसरीकडे पाहायचो, आता पाहतो.

परतलो त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका बाहेर आले. सुहासच्या रविवारच्या ठोकाठोकीने पाच महिने त्यांची झोप मोडली होती. कव्हराखाली काय चाललंय, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते डावीकडून उजवीकडे गेले, परत आले, चष्मा पुसून पुन्हा गेले.

“दोन्हीकडे सारखंच वाकडं,” म्हणाले. “सुहासचा हात काही लपत नाही.”

“नाही लपत,” मी म्हणालो.