अर्जुना नालबंदाचा सल

नात पूजा कॉलेजात मराठी शिकते. तिने विचारलं, ‘आबा, सल म्हणजे काय?’ शब्दकोशात तिला सापडलं होतं: मूळ संस्कृत शल्य, अंगात रुतून राहिलेलं बाणाचं किंवा काट्याचं टोक, त्यावरून, मनात टोचत राहणारी चूक. अर्थ बरोबर आहे. मला तो अर्जुनामुळे कळला.

अर्जुना शिराळ्याचा. चाळीस वर्षं ऊसगाडीच्या बैलांना पत्र्या, म्हणजे नाल मारतो. खिळा खुराच्या कडेतच राहिला पाहिजे. आत मांसात गेला तर खूर पिकतो, बैल कामातून जातो. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी त्याच्याकडे, पत्री मारायला बैल आडवा पाडला की, दोर धरायला जातो.

गेल्या माघात भाऊसो गाडीवानाच्या बैलाला शेवटचा खिळा मारताना आवाज बद्द आला. मला कळलं नाही, त्याला कळलं. पण मागे तीन बैल खोळंबले होते. त्याने बैल सोडला.

दुपारी त्याने भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

‘आबा, त्यो खिळा आत गेलाय. मला तवाच कळलं हुतं.’

हत्यारं घेऊन आम्ही त्याच्या मोपेडवरून उसाच्या फडात गेलो. भाऊसो गाडी भरत होता. आणखी चार गाडीवान होते.

‘काय रं, बैलाची आठवण आली व्हय?’ भाऊसो म्हणाला.

‘बैल पाड. खिळा चुकलाय.’

‘लंगडत न्हाई की. निम्मी गाडी भरलीया, गड्या.’

‘उद्या लंगडंल. ठोकताना कळलं आन् मी गप बसलो. चूक माजी हाय.’

एक गाडीवान हसला. ‘आता तुज्याकडं बैल कोण आणंल?’

‘नका आणू. आदी दोर धरा.’

खिळा उपटला. टोक रक्ताने ओलं होतं. अर्जुनाने खूर धुतला, तेल-हळद भरली आणि बैल आठ दिवस जुंपायचा नाही म्हणाला.

‘मग गाडी काय तू वडणार?’ भाऊसो तापला. अर्जुनाने हत्यारं आवरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो फडात हजर. नऊ किलोमीटर. खूर धुतला, औषध भरलं, परत येऊन कामाला लागला. असं आठ दिवस. एकही चुकला नाही. भाऊसो चार दिवस त्याच्याशी बोलला नाही, पाचव्या दिवशी चहा दिला.

नवव्या दिवशी भाऊसोने स्वतः बैल पाडला आणि त्याचा तोच पाय अर्जुनापुढे केला.

‘मार,’ तो म्हणाला. ‘सावकाश मार.’