कागदी कपातला पाहुणा

आमच्या बेसा गावात शेजारच्या पोरीला पाहायला अणुवीज केंद्रातला मुलगा आला होता. चहा माझ्याकडे. तेव्हा मी साठीची, म्हणजे अकलेनं कोवळीच. त्याच्या अंगचे किरण भांड्याला लागतील म्हणून सगळ्यांना कपबशी दिली, त्याला कागदी कप.

त्यानं कप फिरवून पाहिला, हसला. "काकू, कामावर आमच्या छातीशी बिल्ला असते. अंगावर किरण किती आले ते मोजते. हद्द आली की साहेब तिथून हटवते. तुमच्या इथं तर पहिल्याच चहात हद्द झाली!"

मी पदरात तोंड लपवलं. पोरगी पहिल्यांदाच बोलली, "किरण घरी येते काय हो?"

"नाही. आधी मशीन अंगभर तपासते, मंगच बाहेर सोडते."

"मंग काकू, ह्यायले कपबशी द्या ना!"

'पाहुण्यायले' नाही, 'ह्यायले'! तेवढं मात्र मला लगेच कळलं.