डावीकडचा स्क्रीन

हंवाले काका टाइप केलेला मजकूर डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त तपासत. हिंगणघाटात लग्नपत्रिका असो, जयंतीची स्मरणिका असो की शाळेचा अंक, टाइप करायला कागद काकांकडेच जायचे. टाइप झालं की काकू त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसत आणि मूळ कागद मोठ्यानं वाचत, अगदी स्वल्पविरामासकट. काका स्क्रीनकडे बघत प्रत्येक ओळीला ‘हं’ म्हणत. ‘हं’ आल्याशिवाय काकू पुढची ओळ घेत नसत. मग भांडण ठरलेलं. “पूर्णविराम म्हटलाच नाई तू!” “म्हटला होता. तुमचं ध्यान कुठं होतं?” रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत शाळा भरली आहे.

त्याच गल्लीच्या तोंडाशी माझं कॉम्प्युटरचं दुकान. काकांचा कॉम्प्युटर मीच बसवून दिलेला, पण त्यात काही नवीन टाकू म्हटलं की हा माणूस अंगावर येई. “चालून राह्यला न? मंग त्याले काऊन छेडतं?” असलं गिऱ्हाईक दुकानदाराला काय कामाचं, तुम्हीच सांगा! तरी मी रोज त्यांच्याकडे चहाला जायचो. काकूंचा चहा आणि काकांची कुरकुर, दोन्हींची मला सवय लागली होती.

मग काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता नागपूरला हलवावं लागलं, आणि तिथून त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं कार्ड काकांनी स्वतः केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जुन्या फाइलवर नवा मजकूर चढवायचा, ही या धंद्याची रीतच आहे. काकांनी लेकीच्या लग्नपत्रिकेची फाइल उघडली आणि तिच्यावरच कार्ड तयार केलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. कार्डं वाटून झाली तेव्हा लक्षात आलं की निमंत्रकांच्या नावांत काकांच्या आधी काकूंचं नाव तसंच राहून गेलंय. जिच्यासाठी कार्यक्रम, तीच बाई लोकांना ‘या’ म्हणत होती. तोंडावर कोणीच काही बोललं नाही. काकाच कार्यक्रमात उठले, हात जोडले आणि म्हणाले, “चूक झाली. वाचनारी नव्हती.” मी मागच्या रांगेत होतो. मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ते दुकानात आले. “बाबू, मले दोन टीव्ही लावून दे.” मॉनिटरला ते टीव्हीच म्हणत. एकावर मूळ कागद स्कॅन करून ठेवायचा, दुसऱ्यावर टाइप केलेलं, आणि ओळीला ओळ लावून बघायची. “आता दोन्हीकडं मलेच पाहा लागते. जमलं तं ठीक, नाई तं धंदा बंद. कोनाच्या घरच्या कार्डात पुन्हा असं नाई झालं पायजे.”

त्यांच्या कॉम्प्युटरला एकच मॉनिटर जोडता येत होता. दुसरा लावायचा तर ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागणार. मी शेवटी दुकानदार. सवयीनं आधी मोठं कार्ड काढलं, दोन पंख्यांचं, लाल-निळ्या दिव्यांचं. काकांनी ते उलटसुलट पाहिलं. “हे काय वरातीत न्याचं हाय का? मले गेम नाई खेळाचा बाप्पा. मले वेलांटी दिसाले पायजे.” मग मी खरं ते सांगितलं. अक्षरांच्या कामाला सगळ्यात लहान कार्ड पुरतं. त्याला दोन मॉनिटर जोडता आले पाहिजेत, ते तुमच्या कॉम्प्युटरच्या अरुंद डब्यात मावलं पाहिजे आणि जुन्या पॉवर सप्लायला झेपलं पाहिजे, बस. “अन् पंखा नको,” काका म्हणाले. मी म्हटलं, अहो काका, लहान पंख्याचा असा कितीसा आवाज! “एवढुसाई नको. तिचा आवाज आता मनातच आयकू येते. त्याच्यात घर्रघर्र नको.”

बिनपंख्याचं कार्ड नागपूरहून मागवलं. बसवायला गेलो तेव्हा टेबलावर उजवीकडे जागा मोकळी होती, म्हणून नवा मॉनिटर तिथं ठेवला. काका माउस धरून बसले. बाण डावीकडे नेत, तो काठाला जाऊन अडे. पुन्हा नेत, पुन्हा अडे. “जाऊन नाई राह्यला रे.”

“काका, नवा स्क्रीन उजवीकडे आहे. तिकडे न्या ना!”

“उजवीकडं कोन बसे?” काका म्हणाले.

मी मॉनिटर उचलला, काकूंच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवला आणि सेटिंगमध्ये डावी-उजवी बाजू बदलली. बाण सरकत डावीकडच्या स्क्रीनवर गेला. काका म्हणाले, “हं.”

काम चालू राहिलं. नंतर त्यांच्या हातून चूक गेल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. पण गल्लीतून जाताना आतून आता नुसता ‘हं’ ऐकू येई. वाचणारा आवाज नाही, भांडण नाही. थोडा वेळ शांतता, मग ‘हं’. खरं सांगतो, अंगावर काटा यायचा. मी चहाला जाणं कमी केलं. मला ते सोसत नव्हतं.

या उन्हाळ्यात काका गेले. समुद्रपूरला दिलेली त्यांची लेक माझ्याकडे आली. पुण्यानुमोदनाचं कार्ड दुसरीकडे टाइप करून घेतलं होतं. तिनं हातानं लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला आणि टाइप झालेलं कार्ड माझ्या मोबाइलवर पाठवलं. “दादा, छापाच्या आधी एकदा पाहून द्या. बाबा असते तं...”

घरी गेलो आणि बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं. कागद तिच्या हातात दिला, मोबाइल मी घेतला. “तू वाच, मी बघतो. स्वल्पविरामासकट.”

“एवढुशा कार्डाले दोघं दोघं?” असं म्हणाली, पण माझं तोंड बघून डाव्या बाजूला येऊन बसली. ती वाचत गेली, मी ‘हं’ म्हणत गेलो. शेवटी निमंत्रक आले. लेकीचं नाव, जावयाचं नाव, पूर्णविराम. काकांचं नाव नव्हतं.

ती कागदावर बोट ठेवून थांबली होती.

“बरोबर हाय न?” तिनं विचारलं.

“हं,” मी म्हणालो.