उजवा हात वर करणाऱ्याची बायको

एबिनेझर ग्रिग्जला देवानं उजवा हात नांगर धरायला दिलाच नव्हता, नुसता वर करायला दिला होता. असं त्याची बायको थर्झा म्हणायची, आणि मागं नाही, त्याच्या तोंडावर म्हणायची. एनॉस बेंडमध्ये कुणालाही विचारा, बाई खोटं बोलत नव्हती.

रविवारी सभागृहात बिशपनं नुसतं विचारायचा अवकाश, "जे अनुकूल असतील त्यांनी..." की याचा हात वर. नवा पाटकरी नेमायचाय? हात वर. धरण वाहून गेलं, पुन्हा बांधायचंय? हात वर. बांधायच्या दिवशी मात्र याची कंबर धरायची, आणि खोरं घेऊन थर्झा जायची. असला नंदीबैल. गुबुगुबु वाजलं की मान हलवायची, एवढंच काय ते शिकलेला.

थर्झा मूळची लँकेशायरच्या सूतगिरणीतली. लग्नानंतर वीस वर्षांनी दोघांनी नवा धर्म घेतला, पुरुषाला दोन-तीन बायका चालणारा, समुद्र ओलांडला आणि तेराशे मैल हातगाडी ओढत डोंगरापलीकडं आले. ओढत म्हणजे थर्झा ओढत. एबिनेझरच्या पायाला फोड यायचे. फोड आले की तो गाडीत बसायचा आणि भजनं म्हणायचा, तिला हुरूप यावा म्हणून. मेल्याचा आवाज चांगला होता, हेही सांगायला हवं.

उत्तरेत पहिलं घर उभं राहिलं. छपराची माती वाळते न वाळते तोच सभेत नाव पुकारलं गेलं: दक्षिणेला जा, कापूस पिकवा. एबिनेझरचा हात वर. त्या गावी थर्झानं तीन वर्षांची पोर पुरली होती. तिलाही तिथंच टाकून यावं लागलं. त्या दिवसापासून थर्झाच्या मनात नवऱ्याबद्दल जे काही होतं ते विझलं. देवावरचा विश्वास नाही विझला. पण देवाच्या नावानं याद्या वाचणाऱ्यांकडं ती तेव्हापासून नीट डोळे उघडून बघायला लागली.

दक्षिणेत, एनॉस बेंडला, कापूस काही धड झाला नाही. नदीचं पाणी तांबडं, पिंपात रात्रभर निवळू द्यावं तेव्हा कुठं पिता यायचं. धरण नऊ वेळा वाहून गेलं. शेजारच्या डॅनिश किर्स्टीननं पीचची चौदा रोपं दिली होती, ती थर्झानं बादल्यांनी पाणी घालून जगवली. दोनदा खोडापर्यंत वाळली, दोनदा पुन्हा फुटली. सहाव्या वर्षी, त्या ऑगस्टात, फांद्यांना टेकू द्यावे लागले इतकं फळ धरलं. पन्नाशीच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लावलेल्या झाडाचं फळ त्याच जागी उभं राहून खाल्लं.

आणि त्याच आठवड्यात कुजबूज आली. बिटर वॉश नावाच्या कुठल्याशा खडकाळ जागी नवी वसाहत न्यायची आहे. तिथलं पाणी इतकं खारट की बैल तोंड लावून माघारी फिरतात. यादीत ग्रिग्जचं नाव आहे.

शनिवारी सकाळीच थर्झानं नवऱ्याला बिशप लँगकडं पिटाळलं. "सांग त्याला, दोनदा उठलोय, तिसऱ्यांदा नाही. एवढंच. सगळे मिळून चार शब्द. जमेल?"

"जमेल की," एबिनेझर म्हणाला.

बिशप भारी गोड बोलला. "ब्रदर ग्रिग्ज, यादी वरून आली आहे, नाव मला वाचावंच लागेल. पण जबरदस्ती कसली? मी विरोधात कोण विचारीन, तेव्हा तू उभा राहा आणि म्हण, मला जमत नाही. मी नाव खोडतो. झालं!"

बिशपच्या या दिलदारपणाचं एबिनेझरला घरी येऊन किती कौतुक! थर्झानं मात्र कपाळाला हात लावला. बिशप काही वेडा नव्हता. गेल्या खेपेला गेलेल्यांची तीन शेतं त्याच्या जावयाच्या, पार्लीच्या, घशात गेली होती. आयत्या बिळावर नागोबा! आणि एबिनेझर भर सभेत उभा राहून नाही म्हणेल, हे बिशपला कोंबड्यानं अंडं घातल्याइतकंच शक्य वाटत होतं.

रविवारी सभागृह तापलेलं. पुरुष एकीकडं, बायका दुसरीकडं. थर्झा अशा जागी बसली की नवरा दिसावा. बिशप एकेक नाव वाचत होता, प्रत्येक नावाला हात वर होत होते. सातवं नाव आलं.

"ब्रदर एबिनेझर ग्रिग्ज. जे अनुकूल असतील त्यांनी..."

आणि सगळ्या सभागृहात पहिला हात वर गेला तो एबिनेझरचा! सवयीनं. सरळ, ताठ, बोटं जुळवलेली. कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं वर बघितलं, आपलाच हात आपल्याला दिसला. बिशप म्हणाला, "विरोधात?" एबिनेझर आपल्या बुटांकडं बघत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी परतताना थर्झा झपाझप पुढं चालली. तो मागून म्हणत राहिला, "अगं, एकदम झालं. सगळे वर करत होते. आता मागं घेतला तर लोक काय म्हणतील?"

"लोक? ते आत्ता हसले ते कोण होते, मेंढरं?"

जेवणं आटोपतात तोच पार्ली कुंपणातून आत शिरला आणि झाडांची खोडं चाचपून बघायला लागला. बाजारात बैल बघावा तसा. थर्झा दारात आली.

"पार्ली, सासऱ्याला बोलावून आण. आणि सांग, यादी घेऊन ये."

बिशप आला. कुंपणापाशी किर्स्टीन आली, तिचा नवरा सोरेन आला. सोरेन गावचा पाटकरी, पाटाचं पाणी वाटून देणारा.

"वाचा," थर्झा म्हणाली.

"एबिनेझर ग्रिग्ज," बिशपनं वाचलं.

"पुढं?"

"रूफस टीग."

"मधे थर्झा कुठंय?"

बिशप हसला. "सिस्टर, नवऱ्याच्या नावात बायको आलीच की!"

"हो का? तेराशे मैल गाडी ओढली तेव्हा नावात नव्हते, दांड्यात होते. तुम्हाला हा पाहिजे ना? न्या. माझी काही हरकत नाही, हा बघा मीही हात वर करते. तुमच्या घरात तीन बायका आणि पाच जावई, त्यातला एक तरी चाललाय का बिटर वॉशला? मला ज्ञान नका शिकवू."

बिशपचा चेहरा उतरला. "जमीन नवऱ्याच्या नावावर आहे, बाई."

"जमीन घेऊन चाटा. पाणी कुणाचं?"

सगळ्यांनी सोरेनकडं बघितलं. एनॉस बेंडमध्ये धरणावर जो राबला त्याचं पाणी, हा कायदा बिशपच्याही आधीचा. सोरेननं टोपी काढली, डोकं खाजवलं. तोही कधी बिशपपुढं बोललेला नव्हता. किर्स्टीननं त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"धरणावर मी बाईलाच बघितलंय," तो म्हणाला. "नऊच्या नऊ वेळा. पाणी तिचं."

पाण्यावाचून त्या मुलखात जमीन म्हणजे धूळ. पार्ली जसा आला तसा कुंपणातून निघून गेला.

आठवड्यानं गाड्या निघाल्या. थर्झानं एबिनेझरच्या गाडीत पाव ठेवले, काकवीचा डबा ठेवला, त्याचे सदरे ठेवले, सगळ्यांना बटणं लावून. तो गाडीवर बसून तिची वाट बघत होता. त्याला अजून वाटत होतं, शेवटी ही चढेलच. चढतेच नेहमी.

ती चाकापाशी येऊन उभी राहिली. चारचौघांसमोर त्याला काय काय सुनवायचं ते तिनं आठवडाभर जुळवून ठेवलं होतं. पण म्हणाली ती भलतंच.

"उतर, एबिनेझर. अजून उतर. कुणी मारणार नाही तुला. झाडांखाली खाट टाकून देते, नुसता पडून राहा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला उतरायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यानं एक पाय चाकावर ठेवलासुद्धा. आणि मग त्यानं वळून बिशपकडं बघितलं.

बिशपनं काही केलं नाही. नुसता बघत उभा राहिला. एबिनेझरनं पाय वर घेतला, आणि बैल हाकले.

थर्झा घरात गेली आणि दार लावून मोठ्यानं रडली. किर्स्टीन धावत आली. "नवऱ्यासाठी रडतेस होय?"

"नवरा कसला," थर्झा म्हणाली. "तीस वर्षं गेली गं माझी त्याच्यापायी."