दामूभाऊंना फक्त ऐकायचं होतं

दामूभाऊ गेल्याची बातमी मला दोनदा आली. मी भंडाऱ्याला धाकट्या बहिणीकडे गेले होते, तांदूळ निवडत बसले होते आणि फोन वाजला. एका ग्रुपवर त्यांचा फोटो, खाली 'आमचा आधारस्तंभ हरपला'. चहा टाकायला उठते तोवर दुसऱ्या ग्रुपवर तोच फोटो, तेच शब्द, शोकाकुलांची नावं तेवढी वेगळी. फोटो आमच्या श्रोता संघाने केलेल्या त्यांच्या सत्काराच्या दिवशीचा. खांद्यावर शाल, हातात नारळ, डोळे अर्धे मिटलेले. एका ग्रुपने फोटोतून डावीकडचे अध्यक्ष कापून टाकले होते, दुसऱ्याने उजवीकडचे उपाध्यक्ष. मधला माणूस तेवढा दोघांनीही ठेवला होता. खोटं कशाला सांगू, मला रडू यायच्या आधी राग आला. रडू नंतर अड्याळच्या बसमध्ये आलं, तेही बाजूच्या बाईने 'माहेरी कोणी गेलं का जी' असं विचारलं तेव्हा. काय सांगणार होते मी? नात्याचे तर ते कोणीच नव्हते. समोरचे दुकानदार होते आणि आम्ही दोघं एक रेडिओ ऐकत होतो, एवढंच.

त्यांचे वडील माग चालवायचे. दामूभाऊंनी माग सोडून अड्याळच्या बाजारात कापडाचं दुकान टाकलं. दुकानात गिऱ्हाईक असो नसो, रेडिओ चालू असायचा. मी समोरच्या घरात राहायचे, शाळेत शिकवून आले की त्यांचाच रेडिओ माझ्या ओसरीवर ऐकू यायचा, म्हणून मी स्वतःचा कधी घेतलाच नाही. रविवारी दुपारी फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. लोक पोस्टकार्डावर गाणं आणि आपली नावं लिहून पाठवायचे, निवेदिका ती नावं वाचायची आणि मग गाणं. आपलं नाव रेडिओवरून ऐकण्यात काय गंमत असते हे ज्याचं नाव कधी वाचलं गेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. अड्याळच्या चार-सहा शौकिनांना घेऊन दामूभाऊंनी त्यातूनच श्रोता संघ काढला. 'दिलखुश श्रोता संघ'. नाव ऐकून मी खूप हसले होते. ते म्हणाले, "हसा बाई, पण सदस्य व्हा." झाले.

संघ वाढला. शहापूरची मंडळी आली, साकोलीकडून एकोडीची आली. पुढे रीतसर नोंदणी झाली, कार्यकारिणी झाली, दामूभाऊ सचिव झाले. वर्षातून एकदा मेळावा भरायचा, त्यात आमच्यातलेच हौशी लोक जुनी गाणी म्हणायचे. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचे बंद पडलेले रेडिओ संघ फुकट दुरुस्त करून द्यायचा. आता 'संघ' म्हणजे कोण, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. संघ म्हणजे दामूभाऊ. एकोडीच्या कोणत्या आजीचा रेडिओ खरखरतो, तर दुकान बंद करून मोटारसायकलवर हे निघाले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची कार्डं हेच लिहायचे. ज्यांना चांगलं लिहिता येतं तेही फोन करून सांगायचे, "भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाये, तुमीच टाका." कार्डावर नावांची रांग मोठी असायची. निवेदिका सुरुवातीची नावं वाचायची आणि मग 'आणि त्यांचे सर्व मित्र' म्हणून गाणं लावायची. दामूभाऊ स्वतःचं नाव शेवटी लिहायचे. म्हणजे इतक्या वर्षांत सर्व मित्रांतच त्यांचा नंबर लागला. वहिनी होत्या तोवर त्या चिडायच्या. त्या गेल्या आणि ते चिडणंही घरातून गेलं. मुलगा नागपूरला नोकरीत. मग संघाशिवाय त्या घराचं दार वाजवणारं तसं कोणी उरलं नाही.

एका मेळाव्यातली गोष्ट सांगते. अध्यक्ष खुशालराव, शहापूरचे, बँकेतून निवृत्त झालेले, सदा कडक इस्त्रीत. उपाध्यक्ष भास्करराव, एकोडीचे, धानाचे व्यापारी, आवाज असा की माइकची गरज नाही. दोघांचं त्या वर्षी वाजलं होतं. मंचावर मधल्या खुर्चीत कोण बसणार, इथून सुरुवात झाली आणि पुढे कार्डावर पहिलं नाव कोणाचं, इथवर गेलं. हसू नका, आमच्या संघात पहिल्या नावासाठी माणसं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. तर मंचावर हे दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले, आणि दामूभाऊ कुठेच दिसेनात. मी शोधत मांडवाच्या मागे गेले. जनरेटरजवळ एक वायर हातात धरून उभे. सोडली की माइक बंद पडत होता म्हणे. समोर आमच्यातलाच एक जण फार सुंदर गात होता, त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं गाणं. जनरेटर असा धडधडत होता की तिथे गाण्यातलं अक्षर पोचत नव्हतं. मला पाहून ते ओरडून म्हणाले, "बाई, कोन्तं गाणं चालू हाये?" मी सांगितलं. ते मान हलवून हसले... आणि मग वायरकडे बघत बसले. गाणं संपेपर्यंत मी त्यांच्याजवळ थांबले.

त्यानंतरच्या बैठकीत, दोन्ही साहेबांचं भांडण रंगात आलेलं असताना, दामूभाऊ उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, कारण ते बैठकीत फक्त चहा द्यायला उभे राहायचे. "मी थकलो जी," ते म्हणाले. "आता सचिव नाही, काही नाही. संघात राहतो, पण खाली, लोकांत. मले फक्त ऐकाचं हाये."

एवढं साधं वाक्य. पण आमच्याकडे माणूस थकतो हे कोणाला पटतच नाही, माणूस रुसतो एवढंच माहीत. खुशालराव म्हणाले, "भाऊ, कोणी बोललं का तुमाले?" भास्करराव म्हणाले, "नाव सांगा, मी पायतो त्याच्याकडे." मग ठरलं की सचिवांचा मान राखायचा राहून गेला, म्हणून रुसले. सत्कार करा. झालं. शाल आली, नारळ आला, आणि सत्काराच्या दिवशी सकाळी मी माझ्या ओसरीवरून काय बघते, तर दामूभाऊ स्वतःच्या सत्काराच्या खुर्च्या स्वतः रिक्षात चढवून राहिले. मी रस्त्यावरून ओरडले, "ठेवा त्या खाली!" ते म्हणाले, "मंग मांडन कोण?" फोटोत त्यांचे डोळे अर्धे मिटलेले दिसतात ते भरून आले म्हणून, असं कोणी तरी ग्रुपवर लिहिलं. अहो, झोप येत होती त्यांना.

सत्कार घेऊनही त्यांनी राजीनामा परत घेतला नाही, तेव्हा मात्र दोन्हीकडे कुजबुज सुरू झाली. खुशालरावांच्या माणसांना वाटलं, हा भास्कररावांना मिळाला. भास्कररावांच्या माणसांना वाटलं, हा खुशालरावांनी फोडला. एखादा माणूस कोणाकडेच न जाता आपल्या घरी बसू शकतो, ही शक्यता दोघांच्याही डोक्यात आली नाही. संघाचे दोन संघ झाले. खुर्च्या दामूभाऊंच्या दुकानामागच्या खोलीत असायच्या. एक दिवस इकडचे येऊन निम्म्या घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी तिकडचे येऊन उरलेल्या. कोणी दुकानात पाणी प्यायलाही थांबलं नाही. पाठीला तडा गेलेली एक लाल खुर्ची दोघांनीही नेली नाही. तिच्यामागे पांढऱ्या रंगाने 'दिलखुश' लिहिलेलं होतं.

नंतर त्यांच्याकडे कोणी आलं नाही. म्हणजे गिऱ्हाईक यायचं, पण ज्यांच्यासाठी हा माणूस गावोगाव फिरला ते बाजारात आले तरी पलीकडच्या बाजूने जायचे. इकडच्याने पाहिलं तर तिकडचा समजेल, हे भय. फोन वाजायचा थांबला. सुरुवातीला ते सारखे खिशातून फोन काढून बघायचे, बंद तर नाही पडला. त्यांना खुर्च्या उचलणं सोडायचं होतं, माणसं नाही. पण माणसं जणू त्या खुर्च्यांनाच बांधलेली होती, खुर्च्यांबरोबर गेली. याचा त्यांना किती त्रास झाला ते मी पाहिलंय. एकदा म्हणाले, "बाई, मी कोणाचं काय बिघडवलं जी?"  मी घरून मुरमुऱ्याचा चिवडा आणून दिला.

पण रविवार मात्र आमचे चांगले गेले, हे सांगायलाच हवं. मी दुपारी भांडी आटोपून दुकानात जायचे. ते लाल खुर्चीत, मी दुकानाच्या स्टुलावर. अर्धं शटर खाली. कार्यक्रम सुरू होण्याआधीच ते रेडिओ लावून ठेवायचे आणि मग सुरू झाल्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं तर हातानेच 'थांबा' म्हणायचे. असे ऐकत बसलेले दामूभाऊ मी आधी कधी पाहिलेच नव्हते. दोन्ही संघांची कार्डं वाचली जायची, ओळखीची नावं यायची, आणि प्रत्येक नावाला त्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू. मीच जळफळायचे. एकदा मी म्हटलं, एवढी वर्षं जगाची गाणी लिहून पाठवली, आता तुमची फर्माईश सांगा, कार्ड मी लिहिते.  ते म्हणाले, "जे लागन ते. निवडाचंही काम नोको आता."

ते झोपेतच गेले. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या आणि मग शेजारी जमले. मी पोचले तेव्हा अंगणात दोन्ही संघ हजर होते, दोन घोळक्यांत. मुलाने सगळं नीट केलं, बिचाऱ्याला कोण कोणाकडचं हे माहीतही नव्हतं, तो सगळ्यांना सारखाच नमस्कार करत होता. दुकान रिकामं करताना त्याने रेडिओ माझ्याकडे आणून दिला. "काकू, बाबा सांगत असत तुमच्याबद्दल. तुमीच ठेवा." मी ती लाल खुर्ची आणि स्टूलही मागून घेतलं. तो म्हणाला, खुर्ची फुटकी आहे. म्हटलं, असू दे.

गेल्या रविवारी दामूभाऊंच्या स्मरणार्थ फर्माईश लागली. दोन फर्माईशी. खुशालरावांच्या संघाने एक गाणं पाठवलं, 'दामोदरभाऊंचं सर्वात आवडतं'. भास्कररावांच्या संघाने दुसरं, तेही 'सर्वात आवडतं'. दोन्ही कार्डांवर पाठवणाऱ्यांच्या नावांची ही लांब रांग. मी ओसरीवर रेडिओ लावून ऐकत होते. इतक्या लोकांत त्यांना काय आवडायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं, कारण एकानेही कधी विचारलं नव्हतं. पण दामूभाऊंचं नाव त्या दिवशी पूर्ण वाचलं गेलं. मधल्या नावासकट, आडनावासकट. वहिनी हव्या होत्या ऐकायला...

दुसरं गाणं सुरू झालं आणि फोन वाजला. खुशालराव. गहिवरलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, सचिवपद आता तुमीच सांभाळा. तुमचं अक्षर चांगलं हाये."

मी म्हटलं, "दादा, गाणं चालू हाये. मले काही सांभाळाचं नाही. मले फक्त ऐकाचं हाये."

पलीकडून 'हं' एवढंच आलं. मला वाटलं, पोचलं. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "म्हंजे भास्कररावचा फोन येऊन गेला का तुमाले?"

मी फोन ठेवला. गाणं निम्मं झालं होतं. उरलेलं मी स्टुलावर बसून ऐकलं. लाल खुर्ची बाजूलाच असते, रविवारी मी ती पुसून ठेवते, तिच्यावर अजून कोणी बसत नाही.